पांढऱ्या मंडळींचा करगोटा

आमच्या घरात डुक्कर हा शब्द उच्चारायचा नाही, हा नियम कुणी केला ते मला आठवत नाही. तो मोडलेला मी मोजून एकदाच ऐकला, आणि तोही भर पंगतीत, केळीच्या पानांवर गरम भात वाढलेला असताना. अप्पा गुरांचे सरकारी डॉक्टर. ओरत्तनाडूजवळच्या फार्मवर ते कितीतरी वर्षं गाईंच्या विभागात होते, तोवर आमच्या अम्माला नवऱ्याच्या नोकरीचा केवढा अभिमान! गोसेवा, पुण्याचं काम, असं ती तंजावरच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना सांगायची. मग एक दिवस अप्पांची बदली झाली, आणि ती त्याच फार्मच्या दुसऱ्या टोकाला, विलायती पांढऱ्या डुकरांच्या विभागात. अम्मानं त्या दिवसापासून नोकरीबद्दल बोलणंच सोडलं. 'वराह' म्हणावं तर ते देवाचं नाव, त्याचा विटाळ नको. म्हणून घरात नाव पडलं 'ती मंडळी'. "आज त्या मंडळींकडे उशीर झाला का?" असं अम्मा विचारायची, जणू अप्पा कुणाच्या मुंजीला जाऊन आले होते.

संध्याकाळी अप्पा पुढच्या दारानं घरात येत नसत. बोळातून मागे जायचं, विहिरीवर अंगावरच्या कपड्यांसकट दोन बादल्या घ्यायच्या, कपडे काठीनं उचलून वेगळ्या टोपल्यात टाकायचे, मग अंघोळ, मग धुतलेली वेष्टी नेसायची, मग कपाळाला गंध, आणि मग कॉफी. डबऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, टंबलरमध्ये कॉफी ओतल्याचा आवाज आला की समजायचं, डॉक्टर संपले, अप्पा आले. त्यांनी ह्या सोपस्काराबद्दल कधी कुरकुर केली नाही. मला वाटतं त्यांना त्यात गंमतच वाटत असावी. मात्र त्या मंडळींवर त्यांचा खराखुरा जीव होता. "अग, गाय भोळी असते. ही हुशार," एवढं ते एकदा विहिरीवर माझ्या कानात पुटपुटले होते, आणि मग अम्मा ऐकत नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं होतं.

हे मी आज पुण्यात बसून लिहिते आहे. लग्नानंतर इथं आले, आणि ही अक्षरं तर चाळिशीनंतर गिरवली. तंजावरला आम्ही घरात मराठी बोलायचो, पण वाचायचो तमिळ. इथं अजूनही मी 'फार'च्या जागी 'उदंड' म्हटलं की लोक माझ्याकडे वळून बघतात. बघेनात का.

तर त्या वर्षी आमची आक्का बाळंतपणाला घरी आली होती. गल्लीत नुकतीच केबल आलेली, त्यामुळे दुपारी प्रत्येक घरातून तेच गाणं थोड्या थोड्या अंतरानं ऐकू यायचं. आमच्या घरात मात्र लसूण आणि सुंठ तिळाच्या तेलात परतल्याचा वास. अम्मा बाळंतिणीचं लेहियम, तो औषधी लेह, आधीच करून ठेवत होती, कारण तिचा सगळ्या गोष्टी आधी करण्यावर विश्वास. पण बाळ तिच्याही आधी आलं. दिवस पुरते भरले नव्हते, आणि आक्काला आठ महिने अन्न पचलं नव्हतं ते वेगळंच. मुलगा झाला. हातात घेतला तर हातात काही आहे असं वाटू नये इतका हलका. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहान आहे, पण बाकी ठीक, जपा. लोकांनी त्यातला 'लहान' तेवढा उचलला. बघायला येणारी प्रत्येक बाई दारातून आत पाऊल टाकताना हसरी असायची आणि पाळण्यात डोकावली की तिचा चेहरा उतरायचा. "अय्यो, पावम, बिच्चारं," म्हणायची, आणि आक्काकडे बघायची. आक्का भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मला माझ्या बहिणीचा फार राग यायचा आणि तिच्यासाठी फार वाईटही वाटायचं, दोन्ही एकदम.

तिला खरी भीती होती ती तिरुवैयारच्या मामींची. मामी म्हणजे तिच्या सासूबाई. नदीकाठी त्यांची शेती, कडक बाई, बोलणं थोडं. त्या बारशालाच येणार होत्या, कारण तिकडे कापणी चालली होती. "त्या येऊन बघतील आणि काही बोलणारच नाहीत," आक्का मला म्हणाली. "ते मला नाही सोसायचं. त्यांनी वंशाला पहिला नातू मागितला आणि मी हे असं दिलं." मी म्हटलं, असं काय बोलत्येस. ती म्हणाली, "तू नुसतं बोलू नक्को. तो जगेल का ते सांग."

त्याच आठवड्यात अप्पा पडले. आमच्याकडे कापणीच्या दिवसांत शेतकरी भाताच्या पेंढ्या सरळ डांबरी रस्त्यावर पसरतात, म्हणजे येणारी-जाणारी बसच मळणी करून देते. बसला ठीक आहे. अप्पांची मोपेड त्या पेंढ्यांवरून घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. रजा घेतील तर ते अप्पा कसले. दोन माद्या व्यायला टेकल्या होत्या, नवीन आणलेल्या नराची पहिली वीण, आणि पिल्लांची मापं वरच्या कचेरीला हवी होती. मी पदवी घेऊन घरी बसले होते, टायपिंगच्या वर्गाला जायची, आणि मोपेड चालवायची. "ही नेईल मला, आणि लिहीलही," अप्पांनी जाहीर केलं. अम्मा बघतच राहिली. "लग्नाची मुलगी त्या मंडळींत?" अप्पा म्हणाले, "ती मंडळी हिला मागणी घालायची नाहीत." त्यावर अम्मा स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जोरात ठेवू लागली, म्हणजे होकार मिळाला.

अप्पा मागे बसून डाव्या हातानं छत्री धरायचे, आणि मी कालव्याच्या कडेनं, नारळींच्या सावलीतून त्यांना फार्मवर न्यायची. ओळखीचे लोक सायकली थांबवून बघायचे. पहिल्या दिवशी मी नाकाला पदर लावला. दुसऱ्या दिवशी पदर विसरले, कारण त्या दिवशी मादी व्याली.

एवढी मोठी मादी एका कुशीवर आडवी, पोटातून तालात हुंकार देत, आणि मागून एकेक पिल्लू घसरून बाहेर. सेल्वी नावाची तिथली कामवाली बाई, आवाजानं खणखणीत आणि अप्पांनाही न घाबरणारी, प्रत्येक पिल्लू गोणपाटानं पुसायची, नाळेला औषध लावायची आणि झोळीत घालून तागडीला अडकवायची. मी वजन लिहायची. मग अप्पा त्याला गवतावर कुशीवर निजवायला लावायचे आणि शिंप्याच्या टेपनं डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, मग छातीचा घेर. टेप मीच धरायची, कारण त्यांचा हात प्लास्टरमध्ये. सेल्वीला ह्या टेपचं हसू यायचं. "सार, ब्लाउज शिवायचा आहे का?" ती तमिळमध्ये विचारायची. "वजन केलं की झालं की! जड ते वाढेल, हलकं ते मरेल. त्यात काय मापायचं?"

त्या वेतात शेवटी दोन पिल्लं अगदी लहान निघाली. तागडीवर दोघांचं वजन जवळजवळ सारखं. सेल्वीनं दोन्ही एका बाजूला ठेवली, म्हणजे त्यांच्यावर वेळ घालवू नये. अप्पांनी ती परत मागितली. "नीट बघ," मला म्हणाले. मी बघितलं. एक आखूड, पण गोल, मांड्या भरलेल्या, तोंड इतर पिल्लांसारखंच. दुसरं लांबुळकं, अंगाला कातडी सैल, कपाळ पुढे आलेलं, डोळे बाहेर, तोंडाशी सुरकुत्या, एखाद्या म्हाताऱ्यासारखं. "वजन एकच, पण गोष्टी दोन," अप्पा म्हणाले. "पोटात कुणाला जागा कमी मिळते, कुणाला आईबाप लहान असतात, ते पिल्लू सगळीकडून सारखंच लहान राहतं. लहान, पण पुरं. ह्या दुसऱ्याला पोटात खाणंच कमी पडलं. खाणं कमी पडलं की मेंदू आपला वाटा आधी घेतो, अंगाला मग उरलंसुरलं. म्हणून हे डोकं मोठं, आणि बाकी रिकामं. गोल आहे ते भरून काढेल, असं मला वाटतं. लांब आहे त्याचं उदंड कठीण." मग सेल्वीला म्हणाले, "दोघांनाही पुढच्या थानाला लाव. तिथं दूध जास्त." सेल्वीनं कपाळाला हात लावला, पण लावलं.

आता अडचण अशी, की सगळी पिल्लं सारखीच पांढरी-गुलाबी, आणि एवढ्याशा कानांना इतक्यात खूण करायची नाही असं अप्पांचं म्हणणं. ही दोन उद्या ओळखायची कशी? माझ्या पिशवीत काळ्या दोऱ्याचं रीळ होतं. बाळाला बारशाच्या दिवशी कमरेला करगोटा बांधायचा, त्यासाठी अम्मानं ते वाटेत देवळाजवळच्या दुकानातून आणायला सांगितलं होतं. मी त्यातला एक तुकडा तोडला आणि गोल पिल्लाच्या कमरेला सैलसर बांधला. लांबुळक्याला रुमालाचा पांढरा काठ फाडून बांधला. अप्पांनी पाहिलं आणि वहीत तशी नोंद करायला सांगितली. रीळ मी घरी आणून अम्माच्या हातात दिलं. तिनं ते देव्हाऱ्यात ठेवलं, हळदीकुंकू लावलं. मी तोंड उघडणार होते. पण मी विहिरीवर अंघोळ केली होती, दोऱ्याला कुठली अंघोळ, हे कसं सांगायचं? तेवढ्यात कॉफी आली, आणि राहिलं.

मी रोज जायला लागले ती त्या दोघांसाठी. गोल पिल्लू दुसऱ्याच दिवशी पुढच्या थानावर आपला हक्क सांगू लागलं. थोरल्या भावंडांना डोक्यानं ढुशा देऊन बाजूला सारायचं. सेल्वीनं त्याचं नाव ठेवलं राजा. दुसरं थानाशी नेलं तरी चोखता चोखता झोपी जायचं. अप्पांनी दिव्याखाली त्याला ऊब दिली, सेल्वीनं, जी आधी कपाळाला हात लावत होती तिनंच, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. पण एका सकाळी गेलो तर ते नव्हतं. सेल्वी बादली घेऊन बाहेर गेली. अप्पांनी चष्मा पुसला.

त्या दुपारी सगळे जेवून निजले होते. मी अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून, अम्माच्या शिवणाच्या डब्यातला टेप घेतला आणि पाळण्याशी गेले. बाळाच्या डोक्यापासून टाचेपर्यंत टेप धरला, मग छातीला. त्याच्या कपाळाकडे बघत राहिले. मला ते पुढे आलेलं वाटलं, मग वाटलं नाही, मग पुन्हा वाटलं. माप घेतलं खरं, पण ताडून बघायचं कशाशी? माझ्याकडे तर डुकरांचीच मापं होती! मी तशीच घाबरून उभी होते आणि मागून आक्का म्हणाली, "काय करत्येस?"

मला खोटं सुचलं नाही. मी तिला सगळं सांगितलं, दोन पिल्लांचं, मेंदूच्या वाट्याचं, काळ्या दोऱ्याचं, पांढऱ्या काठाचं, आज सकाळचं. घरातला तो शब्द मी उच्चारला नाही, 'ती मंडळी'च म्हणत राहिले, आणि तरी तिला सगळं कळलं. ती पलंगावर उठून बसली. "गोलाला काळा दोरा म्हणजे? कुठला काळा दोरा?" मी देव्हाऱ्याकडे बोट केलं. आक्का त्या हळदीकुंकू लावलेल्या रिळाकडे बघत राहिली, आणि मग तिला हसू आलं. तोंडावर उशी धरून, टाके दुखतात म्हणून कळवळत ती हसली, कितीतरी दिवसांनी. मग उशी बाजूला ठेवली आणि हळूच म्हणाली, "आणि हा? हा कोणता ग?" मी म्हटलं, मला नाही कळत. अप्पांना विचार. "अप्पांना हे घरात विचारायचं?" ती म्हणाली. अम्माला ह्यातलं काही कळू द्यायचं नाही, एवढं मात्र न बोलता ठरलं.

बारशाच्या दिवशी मामी आल्या, मधुरै सुंगुडी साडी, हातात कापणीच्या नव्या तांदळाची पिशवी. पाळण्यात वाकून त्यांनी नातवाकडे बराच वेळ बघितलं, आणि आक्का म्हणाली होती अगदी तसंच झालं. त्या काहीच बोलल्या नाहीत. अम्मानं त्याच रिळाचा दोरा बाळाच्या कमरेला बांधला, नाव ठेवलं रघुनाथ, आणि सगळे जेवायला बसले. डांगर पचडी, वांग्याची रसवांगी, गरम भात. मामी मान खाली घालून जेवत होत्या. आणि त्या शांततेत आक्का, बाळाला मांडीवर घेऊन दाराशी बसलेली, म्हणाली, "अप्पा, माझं बाळ कोणतं? गोल की लांब?"

अप्पांचा डाव्या हातातला चमचा थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आक्काकडे. तिचा चेहरा बघून त्यांना घरचा नियम आठवला नसावा, किंवा आठवून त्यांनी तो बाजूला ठेवला असावा. "गोल," ते म्हणाले. "मी पहिल्याच दिवशी हात लावून बघितलं. मांडी भरलेली आहे, कपाळ जसं असावं तसं आहे. मी माणसांचा डॉक्टर नव्हे, हे खरं. पण आमच्याकडे एक डुकराचं पिल्लू आहे, असंच लहान पण पुरं. आता सगळ्यांच्या पुढे आहे. त्याच्या कमरेला काळा दोरा बांधलाय ना, तो कालच सैल करावा लागला."

"कसला काळा दोरा?" अम्मानं विचारलं.

अम्मानं माझ्याकडे पाहिलं, देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग नातवाच्या कमरेकडे, आणि तिच्या हातातली पळी पुन्हा भांड्यात गेली. मला वाटलं, आता ही रडेल. सोयऱ्यांच्या देखत, बारशाच्या पंगतीत, पानावर अन्न असताना, डुकराचा शब्द, आणि वर डुकराचा दोरा! ती उठली, बाळाच्या दिशेनं गेली, दोरा सोडायला हात पुढे केला.

"थांबा," मामी म्हणाल्या.

त्यांचा तो त्या दिवशीचा पहिला शब्द. पानावरून मान वर करून त्यांनी अप्पांना विचारलं, "ते पिल्लू वाढतंय, हे खरं?"

"खरं."

"आणि दुसरं, लांब?"

"ते गेलं," अप्पा म्हणाले.

मामींनी मान हलवली. शेतकऱ्याच्या घरची बाई, जगणं आणि मरणं दोन्ही बघितलेली. "सरि, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग तो दोरा सोडू नका. असू दे त्याच्या कमरेला." आणि पानाकडे बघत, "माझा मुलगा जन्मला तेव्हा ह्याहून लहान होता. कुणी मला असं काही सांगट्लं नाही. मी सहा महिने रडत होत्ये." मग अम्माला म्हणाल्या, "रसवांगी वाढा."

अम्मानं रसवांगी वाढली. आक्का बाळाच्या डोक्यावर हनुवटी टेकून रडत होती, पण ते रडणं निराळं होतं, सगळ्यांनाच कळलं. अप्पांनी डाव्या हातानं भात कालवायचा प्रयत्न केला, तो पानाबाहेर सांडला. त्या रात्री अम्मानं मला एवढंच विचारलं की रीळ आधी कुठं वापरलं, इथं की तिथं. मी खरं ते सांगितलं. तिनं ते रीळ देव्हाऱ्यातून काढलं, पण टाकलं नाही. शिवणाच्या डब्यात ठेवलं.

पुढं ह्याबद्दल वाचलं तेव्हा मला कळलं की माणसाच्या बाळांचा हिशेब डुकरांइतका सरळ नसतो, लहान जन्मलेल्या मुलांचं पुढं काय होईल ते आकारावरून असं एका वाक्यात सांगता येत नाही. अप्पांना हे तेव्हाही ठाऊक असणार. तरी त्यांनी सांगितलं, आणि आक्का त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून निजली नाही. ती खाऊ लागली, तिचं दूध वाढलं, बाळ अंगाला लागलं. राजाचा दोरा मला थोड्याच दिवसांत कात्रीनं कापावा लागला, आणि रघूचा त्यानंतर थोड्याच दिवसांत अम्माला.

रघू आता चेन्नैला असतो, दारातून वाकून आत येतो इतका उंच. गेल्या महिन्यात त्याला मुलगी झाली. लहान आहे, वेळेच्या आधी आली. सगळ्या नातेवाइकांना त्यानं फोनवर वजन कळवलं. मला मात्र वजनाखाली लांबीही पाठवली, मी न विचारता, आणि एक फोटो, मांड्या दिसतील असा. मग फोन केला. आवाज हसरा होता, पण मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलेला, मला त्यातली भीती ऐकू आली.

"मावशी," तो म्हणाला, "करगोट्याला साधा दोरा आणू, की आधी ओरत्तनाडूच्या फार्मवर जाऊन येऊ?"

मी फोटो पुन्हा एकदा नीट बघितला. मग म्हटलं, "गोल आहे रे. साधा चालेल."